पाखरांचे खाडे

मैत्रिणींनो, न्यू जर्सीला मुलाकडे, लेकीकडे किंवा बहिणीकडे जाऊन आलेल्या बायका आपल्यात आता कमी नाहीत. त्या परत आल्या की काय काय सांगतात, तेही आपल्याला पाठ झालं आहे. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा, नायगाराचा धबधबा आणि एडिसनच्या ओक ट्री रोडवरची साड्यांची नि भाजीची दुकानं! मीही ते सगळं पाहिलं. पण आज मी तुम्हाला त्याच राज्यातल्या एका निराळ्या जागी नेणार आहे. तिथं तिकीट नाही, रांग नाही, आठवण म्हणून विकत घ्यायची किचेन्स नाहीत. एक दगडी बांध, समोर अटलांटिक महासागर आणि बांधावर बसून दिवसभर पाखरं मोजणारा एक माणूस. बस्स, एवढंच.

होय, पाखरं मोजणाराच म्हटलं मी! उगवतीपासून मावळतीपर्यंत, रोज, सलग तीन महिने. आणि हे काम तो हौसेनं नव्हे, नेमणूक म्हणून करतो.

गावाचं नाव ॲव्हलॉन. धाकट्या बहिणीकडे एडिसनला दिवाळीच्या सुटीत गेले होते, तेव्हा तिच्या यजमानांनी ही टूम काढली. "ताई, पहाटे चारला निघावं लागेल हं," असं बजावलं. बहिणीनं थर्मासमध्ये चहा भरला, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि फराळाचा डबा घेतला. एडिसनहून गार्डन स्टेट पार्कवे धरायचा आणि सरळ दक्षिणेला जायचं. दोन-सव्वादोन तासांनी १३ नंबरचा एक्झिट येतो. तिथून खाडीवरचा रस्ता ओलांडला की सेव्हन माइल आयलंड नावाचं लांबोडकं, वाळूचं बेट लागतं. त्याच्या उत्तर टोकाला ॲव्हलॉन. उन्हाळ्यात इथं माणसांची जत्रा असते आणि वाळूवर बसायलासुद्धा पैसे मोजून बिल्ला घ्यावा लागतो. नोव्हेंबरात मात्र बंगले बंद, रस्ते रिकामे, कुणी विचारत नाही. सातव्या रस्त्यावर वळून समुद्राच्या टोकाशी गेलं की आलाच तो बांध.

नकाशा पाहिलात तर या जागेची गंमत ध्यानात येईल. आजूबाजूच्या किनाऱ्यापेक्षा ॲव्हलॉन जवळजवळ एक मैल पुढं, समुद्रात घुसलेलं आहे. कॅनडाकडची थंडी वाढली की समुद्रपक्षी किनारा धरून दक्षिणेला निघतात. वाटेत हे टोक आडवं येतं. मग गल्लीतून जाताना पुढं आलेल्या ओट्याला आपण वळसा घालतो, तसा सगळ्यांना इथं वळसा घालावा लागतो. एरवी दूर समुद्रात, नजरेपलीकडून गेले असते, ते बांधासमोरून जातात.

हे हेरून केप मे बर्ड ऑब्झर्व्हेटरी या संस्थेनं १९९३ पासून इथं पूर्ण हंगामाची मोजणी सुरू केली. न्यू जर्सी ऑडुबॉन या जुन्या निसर्गसंस्थेचीच ही शाखा. मोजणीचा काळ ठरलेला, २२ सप्टेंबर ते २२ डिसेंबर. या तीन महिन्यांत बांधासमोरून काही लाख पक्षी जातात. रोज तिथं माणूस असतो. रविवार नाही, सण नाही. पाहुणे आले म्हणून आज जरा उशीर, असंही नाही. आपल्याला या नोकरीची कल्पना चटकन येईल, नाही का? स्वयंपाकघराला तरी कुठं रविवार असतो!

आम्ही पोचलो तेव्हा घड्याळं नुकतीच तासभर मागे घेतलेली होती, त्यामुळं साडेसहालाच तांबडं फुटलं. वारा असा बोचरा, की दोन स्वेटर, शाल आणि कानटोपी असूनही दात वाजत होते. आधी मला काहीच दिसेना. करडं पाणी, करडं आभाळ. मग भाची म्हणाली, "मावशी, ती काळी रेघ बघ!" लाटांच्या जरा वर, क्षितिजाच्या खाली, काळ्या पोतीतले मणी ओवावेत तशी एक सर डावीकडून उजवीकडे सरकत होती. एक संपली की दुसरी. मग तिसरी. मधेच सर वर उचलली जायची, लाटेमागं दडायची, पुन्हा बाहेर यायची.

ती स्कोटर नावाची समुद्री बदकं. आपल्या स्कूटरशी यांचा काही संबंध नाही बरं का! नर काळेभोर. एका जातीच्या नराच्या चोचीवर पिवळी-नारिंगी गाठ असते, दुसरीच्या डोक्यावर पांढरा ठिपका. बुड्या मारून शिंपले-कालवं खायची, हा यांचा हिवाळ्याचा उद्योग. त्यांच्यामागून पाणकावळ्यांचे थवे आले, बाणाच्या टोकासारखे. आपल्या तळ्यांवर दिसतात त्यांचेच हे भाऊबंद. मग एकेकटा उडणारा, मान जराशी खाली झुकवलेला लून. याचं पूर्ण नाव लाल गळ्याचा लून, पण हिवाळ्यात तो लाल गळाही नसतो. ओळखणाऱ्यानं तेवढ्या मान झुकवण्यावरून ओळखायचं!

मोजणारा तरुण तिकाटण्यावरच्या मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून उभा होता. हातात आकडे मोजायचं छोटं यंत्र. हल्ली जप मोजायला आपल्याकडच्या बायका टकटक दाबतात ना, अगदी तसलं. अशी दोन-तीन यंत्रं. एक काळ्या बदकांचं, एक पाणकावळ्यांचं. तासाचे आकडे तासाला वेगळे मांडायचे. आम्ही त्याला चकली आणि शंकरपाळे दिले. त्यानं हसून घेतले, खाल्ले, छान आहेत म्हणाला, पण डोळा काही दुर्बिणीवरून हलला नाही.

मी विचारलं, "एवढे भराभर जातात, तर मोजता कसे?" त्यानं जे सांगितलं ते मला फार आवडलं. सुरुवातीला दहाच पक्षी एकेक करून मोजायचे आणि दहांनी किती जागा व्यापली ती नजरेत धरायची. मग तसे दहा-दहाचे तुकडे करत शंभर धरायचे. थवा फारच मोठा असला तर शंभराचा तुकडा उचलून पुढच्या थव्यावर ठेवत जायचं. म्हणजे आपण तांदळाचा दाणा न् दाणा कुठं मोजतो? वाटीचा अंदाज पक्का असला की पंगतीचा भात चुकत नाही, तसंच. पण वाटी आधी नीट मोजलेली हवी. नव्या माणसाला ती वाटी बसवायलाच पुष्कळ दिवस लागतात.

आणखी एक गोष्ट. दोन जातींची काळी बदकं लांबून सारखीच दिसतात. ओळख पटली नाही तर काय करायचं? अंदाजानं कुठल्यातरी रकान्यात ढकलायचं? छे! त्यासाठी वेगळा रकानाच आहे, 'काळ्या पंखांचे स्कोटर'. जात कळली नाही, संख्या कळली, एवढंच प्रामाणिकपणे लिहायचं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. उत्तर येत नसेल तर काहीबाही लिहू नकोस, असं मुलांना किती वेळा सांगते! इथं तो नियमच होता.

आता तुम्ही म्हणाल, मोजून करायचं काय? पाखरं आली, गेली. त्यांचा हिशेब ठेवून कुणाचं पोट भरणार?

त्याचं असं आहे. ही बदकं घरटी करतात ती कॅनडा-अलास्काच्या उत्तरेला, माणसांच्या वस्तीपासून दूर, हजारो तळ्यांच्या काठी विखुरलेली. तिथं जाऊन घरोघर मोजणं अवघडच. पण प्रवासात त्यांतली पुष्कळशी एकाच उंबऱ्यावरून जातात. हळदीकुंकवाला किती बायका आल्या हे कळायला आपण गावभर हिंडतो का? दाराशी वाण वाटणारीला विचारलं की झालं. ॲव्हलॉनचा बांध म्हणजे ते दार.

एका दिवसाच्या आकड्याला मात्र फारसा अर्थ नाही. वायव्येचा थंड वारा सुटला की थवेच्या थवे निघतात, धुकं पडलं की काहीच दिसत नाही. म्हणून वर्षानुवर्षं, त्याच जागी, त्याच तारखांना, त्याच पद्धतीनं मोजावं लागतं. तेव्हा कुठं खरी चढ-उतार दिसते.

या मोजण्याच्या इतिहासात बायकांचा हात फार मोठा आहे, आणि तो दोन्ही बाजूंनी आहे! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला अमेरिकेतल्या फॅशनेबल बायका टोप्यांवर पिसं, पंख, कधी अख्खा पेंढा भरलेला पक्षी लावून मिरवत. १८८६ साली फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षीतज्ज्ञानं न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर दोन दुपारी हिंडून टोप्या मोजल्या. ७०० टोप्यांपैकी ५४२ टोप्यांवर पिसं होती, आणि त्यांत ४० जातींचे पक्षी त्याला ओळखू आले. समुद्रकाठचे सुरय पक्षीसुद्धा त्यांत होते. कल्पना करा, जे पक्षी किनाऱ्यावर मोजायचे ते टोप्यांवर मोजले!

पण १८९६ साली बोस्टनच्या हॅरिएट हेमेनवे आणि त्यांची नात्यातली बहीण मिना हॉल यांनी ओळखीच्या बायकांना चहाला बोलावायला सुरुवात केली. चहा पिता पिता एकच मागणं, पिसांची टोपी घालायची नाही. त्या चहातून मॅसॅच्युसेट्सची ऑडुबॉन संस्था जन्मली, मग राज्याराज्यांत तशा संस्था निघाल्या, आणि १९१८ साली स्थलांतरी पक्ष्यांना संरक्षण देणारा कायदा झाला. चहाच्या कपात काय ताकद असते ते पाहा! मधल्या काळात, १९०० साली, त्याच चॅपमननं नाताळात शिकार करण्याऐवजी पक्षी मोजावेत अशी टूम काढली. पहिल्या वर्षी २७ माणसांनी २५ ठिकाणी मोजणी केली. ती नाताळची मोजणी आजही चालते, आणि आता हजारो लोक तिच्यात भाग घेतात.

मोजदादीचा खरा प्रताप दिसला तो शेजारच्या पेनसिल्व्हेनियात. तिथल्या एका डोंगरावरून ससाणे आणि गरुड दक्षिणेला जात आणि बंदूकवाले त्यांना हजारोंनी पाडत. न्यूयॉर्कच्या रोझली एज या बाईंनी १९३४ साली सुमारे १,४०० एकरांचा तो डोंगरच भाडेपट्ट्यानं घेतला आणि शिकार बंद केली. त्या आधी स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढलेल्या होत्या. डोंगर घेतला तेव्हा वय पन्नाशीच्या पुढचं! राखणीला त्यांनी मॉरिस ब्राऊन आणि त्यांच्या पत्नी अर्मा यांना नेमलं. अर्माबाई रस्त्यावर उभ्या राहून बंदूकवाल्यांना परत पाठवत, आणि मॉरिस वर बसून पक्षी मोजत. आज हा डोंगर हॉक माउंटन म्हणून ओळखला जातो.

ती मोजदाद पुढं रेचल कार्सनबाईंच्या कामी आली. डीडीटीच्या फवारण्यांविरुद्ध त्यांनी १९६२ साली जे पुस्तक लिहिलं, त्यात हॉक माउंटनचे आकडे आहेत. १९३५ ते १९३९ या वर्षांत तिथून जाणाऱ्या पांढऱ्या डोक्याच्या गरुडांपैकी ४० टक्के लहान वयाचे होते. १९५५ ते १९५९ मध्ये ते प्रमाण २० टक्क्यांवर आलं. आणि १९५७ साली तर ३२ मोठ्या गरुडांमागं एकच लहान! म्हणजे गरुड दिसत होते, पण त्यांच्या घरात पाळणा हलत नव्हता. पुढं कळलं, की डीडीटीमुळं अंड्यांची कवचं पातळ होऊन ती फुटत होती. अमेरिकेत १९७२ साली डीडीटीच्या शेतीतल्या वापरावर बंदी आली. एके काळी न्यू जर्सीत या गरुडाचं अवघं एक घरटं उरलं होतं. आता दोनशेहून जास्त जोड्या आहेत.

सांगायचा मुद्दा असा, की डोंगरावर बसून मोजणाऱ्या मॉरिसना १९३५ साली डीडीटीचं नावही ठाऊक नव्हतं. कशासाठी उपयोगी पडेल ते न कळताही त्यांनी मोजलं. आग लागल्यावर विहीर खणून चालत नाही. आकडे आधीचे हवेत.

ॲव्हलॉनला मला हे पटलं ते गॅनेट पाहून. दहाच्या सुमारास ऊन आलं, आणि पांढरेशुभ्र, पंखांची टोकं काळ्या शाईत बुडवल्यासारखी, सहा फूट पंखपसाऱ्याचे पक्षी समोर घिरट्या घालू लागले. मासा दिसला की शंभर-शंभर फुटांवरून पंख मागं मिटून सूर! पाणी कारंज्यासारखं उडायचं. एवढ्या आपटण्यातून वाचावं म्हणून त्यांच्या कातडीखाली हवेच्या पिशव्या असतात, आणि नाकपुड्या बाहेर उघडत नाहीत. निसर्गानं काय काय तजवीज केलेली असते पाहा.

या पांढऱ्यांत काही तपकिरी होते. ती त्याच वर्षीची पिल्लं. पांढरं व्हायला त्यांना चार-पाच वर्षं लागतात. उत्तर अमेरिकेत गॅनेटच्या वसाहती उण्यापुऱ्या सहा, सगळ्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर. २०२२ साली त्या वसाहतींत बर्ड फ्लू शिरला आणि हजारो गॅनेट मेले. त्यानंतरच्या प्रत्येक हिवाळ्यात बांधावरून दिसणारं एकेक तपकिरी पिल्लू म्हणजे घर पुन्हा भरतंय याची खूण. मी आपली नकळत तपकिरीच तेवढे मोजत बसले. लग्नाला गेल्यावर लेकुरवाळ्या बायका दुसऱ्यांची लेकरं न्याहाळतात ना, तशी!

२०१९ साली शास्त्रज्ञांनी अशाच पुष्कळ मोजण्या एकत्र मांडून दाखवलं, की १९७० पासून उत्तर अमेरिकेतले सुमारे ३०० कोटी पक्षी, म्हणजे २९ टक्के, कमी झाले. पण त्याच हिशेबात बदकं-हंस आणि शिकारी पक्षी वाढलेले दिसले, कारण त्यांच्यासाठी पाणथळी राखल्या गेल्या आणि विष थांबवलं गेलं. हिशेब नुसता रडवत नाही, कुठं आपलं बरोबर चाललंय तेही सांगतो.

तुम्ही जाणार असाल तर ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबरचा मध्य हे दिवस उत्तम. सकाळी लवकर पोचा. साडीची हौस घरी ठेवा. जाड पँट, वारा न शिरणारा कोट, हातमोजे, कानटोपी आणि गरम चहा एवढं हवंच. घडीची खुर्ची न्या. दुर्बीण नसली तर निदान एक तरी मागून आणा. मोजणाऱ्याशी बोला, पण थवा आला की गप्प राहा. वेळ उरला तर अर्ध्या तासावर केप मे आहे. १८५९ सालचा दीपस्तंभ, त्याच्या १९९ पायऱ्या, जुने रंगीत लाकडी बंगले आणि ससाणे मोजायचा मचाण, तिथली मोजणी १९७६ पासूनची.

आता आपल्या किनाऱ्याचं बोलू. माझं आजोळ रत्नागिरी जिल्ह्यातलं, समुद्राकाठचं. आजी म्हणायची, "पूर्वी थंडीत कुरव काय यायचे गं, अख्खी पुळण पांढरी व्हायची!" आजीवर माझा पूर्ण विश्वास. पण पांढरी पुळण म्हणजे शंभर कुरव, की दहा हजार? आता जे येतात ते निम्मे, की दशांश? 'खूप' हा काही आकडा नव्हे. 'खूप'चं 'थोडं' कधी झालं ते कुणाच्या लक्षात येत नाही, आणि 'थोडं'चं 'काही नाही' झालं की आपण हळहळतो.

कोकणात हिवाळ्यात येणारा तपकिरी डोक्याचा कुरव लडाख, तिबेट आणि मध्य आशियातल्या उंचावरच्या तळ्यांकाठी घरटी करतो. हिवाळ्यात त्याचं डोकं पांढुरकं होतं, डोळ्यामागं एक गडद ठिपका उरतो. त्यावरून ओळखा. एवढ्या लांबून पाहुणा येतो, त्याची मोजदाद नको का? आपल्या देशातही १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची मोजणी होते आणि ती हौशी माणसंच करतात. आपल्या भागातल्या पक्षीमित्रांना विचारून तुम्हीही जाऊ शकता. आणि पावसाळ्यात वादळानंतर एखादा थकलेला समुद्रपक्षी किनाऱ्यावर सापडला, तर त्याला परत पाण्यात ढकलू नका, बळेच काही भरवू नका. उघड्या हातानं न धरता कापडानं उचलून भोकं पाडलेल्या खोक्यात, सावलीत ठेवा आणि वनखात्याला कळवा.

समुद्र नसला तरी बिघडत नाही. गॅलरीतून दिसणारं झाड किंवा गावाचं तळं चालेल. जागा एकच, वेळ एकच, दहाच मिनिटं. जे ओळखू येईल ते नावानं लिहा, जे येणार नाही ते 'अनोळखी' म्हणून लिहा. वही नको असेल तर भिंतीवरचं कॅलेंडर आहेच. दुधाचे खाडे आपण त्यावर मांडतोच ना? दूधवाला किती दिवस आला नाही, हे महिनाअखेरीला आपण ठामपणे सांगू शकतो, कारण रोज लिहिलेलं असतं. पाखरांचाही खाडा असाच कळतो, रोज लिहिणारीला.